चार्ल्स कोरिया आणि श्रमिकांच्या घराचा प्रश्न

(उल्हासनगर कॅम्प २ येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वास्तुशिल्पकार आणि नगररचनाकार चार्ल्स कोरिया यांचे जीवन व कार्य हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. उल्हासनगरच्या कॅम्प २ मध्ये हा विषय घेण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. कोरियांची जी कामे जगभर नावाजली गेली, त्यांत या शहरातले एकही नाही. शिवाय वास्तुशिल्प हा धनिकांचा आणि सरकारचा शौक आहे, श्रमिकांच्या चळवळीला त्याच्याशी काही कर्तव्य नाही, अशी एक समजूत आपल्यांतही रूढ आहे. ही समजूत तपासून पाहण्याची वेळ आली आहे, असे मला वाटते. कारण ज्या दिवशी आपल्या वस्तीच्या पुनर्बांधणीचा नकाशा कोणीतरी टेबलावर पसरतो, त्या दिवशी तो नकाशा वाचता न येणारा कार्यकर्ता निरुपयोगी ठरतो. आणि नकाशा वाचण्याची दृष्टी ज्यांच्याकडून घ्यावी, अशा थोड्या माणसांत कोरियांची गणना करावी लागेल.

प्रथम आपल्या शहराकडे पाहू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळच्या या माळावर ब्रिटिश सरकारने सैन्याची छावणी उभारली. बराकींच्या रांगा आणि त्यांमधले रुंद रस्ते ही तिची रचना होती. १९४७ साली फाळणी झाली, सिंधमधून लोक आले आणि या रिकाम्या बराकींत त्यांची सोय लावण्यात आली. सुमारे ९४ हजार निर्वासित येथे उतरले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वेळचे गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. नाव नवे मिळाले, पण पत्त्यातला ‘कॅम्प’ हा शब्द काही गेला नाही.

त्याच काळात देशात अन्यत्र काय चालले होते? पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांचा आणि नव्या राजधानीचा प्रश्न पुढे आला तेव्हा चंदीगडसाठी ल कॉर्बुझिए यांना पाचारण करण्यात आले. कच्छमध्ये भाई प्रताप यांच्या पुढाकाराने सिंधी निर्वासितांसाठी गांधीधाम वसवले गेले आणि त्याच्या आखणीत ओटो कोनिग्सबर्गर या जर्मन नगररचनाकाराचा वाटा होता. उल्हासनगरच्या वाट्याला मात्र शिपायांसाठी आखलेली रचना आली. शिपाई एकटा असतो, काही महिने राहतो आणि पुढच्या ठाण्यावर जातो. कुटुंब वाढते, मुलांची लग्ने होतात, घरात धंदा सुरू होतो. एका प्रकारच्या आयुष्यासाठी आखलेल्या भिंतींत दुसऱ्या प्रकारचे आयुष्य मावेनासे झाले, आणि पुढे जे घडले त्याचे मूळ पुष्कळसे यात आहे.

कोरियांची जडणघडण

चार्ल्स कोरिया यांचा जन्म १ सप्टेंबर १९३० रोजी सिकंदराबाद येथे, मूळच्या गोव्याच्या कुटुंबात झाला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकून ते अमेरिकेत गेले. मिशिगन विद्यापीठात आणि नंतर मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत त्यांनी वास्तुशिल्पाचे शिक्षण घेतले. परदेशी स्थायिक होणे त्यांना कठीण नव्हते. पण ते परत आले आणि १९५८ साली मुंबईत त्यांनी स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. नवा देश उभारायचा आहे, या जाणिवेने भारलेली ती पिढी होती.

त्यांचे पहिले मोठे काम साबरमती आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालय. ते १९६३ साली पुरे झाले. विटांचे खांब, कौलारू छपरे, लाकडी दारे आणि झडपा असे त्याचे साधे स्वरूप आहे. सहा मीटर लांब व तितक्याच रुंद अशा सारख्या मापाच्या दालनांतून ते उभे राहिले. काही दालने बंदिस्त, काही चहूबाजूंनी मोकळी आणि मध्ये पाण्याचे कुंड. संग्रह वाढला तर त्याच मापाची आणखी दालने जोडता यावीत, अशी ही योजना होती. वास्तू एकदाच पूर्ण होऊन थांबत नाही, गरजेप्रमाणे ती वाढली पाहिजे, हा विचार त्यांच्या कामात येथपासून दिसतो.

पुढे भोपाळचे भारत भवन व मध्य प्रदेशचे विधान भवन, जयपूरचे जवाहर कला केंद्र, दादरचे साल्वासाँव चर्च अशा अनेक वास्तू त्यांनी उभारल्या. १९८४ साली ब्रिटनच्या वास्तुशिल्पकारांच्या राजसंस्थेचे सुवर्णपदक त्यांना मिळाले आणि २००६ साली पद्मविभूषण. १६ जून २०१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ही मानसन्मानांची यादी येथे थांबवतो, कारण आपल्या दृष्टीने त्यांचे महत्त्वाचे काम या वास्तूंच्या बाहेरचे आहे.

आकाशाखालची जागा

गरिबाचे घर म्हणजे काय, या प्रश्नाला सरकारी उत्तर ठरलेले असते. इतके चौरस फूट, एक खोली, एक मोरी, चार मजले, रांगेत उभ्या इमारती. कोरियांनी या उत्तरातील चूक दाखवून दिली. आपल्यासारख्या उष्ण हवेच्या देशात माणूस दिवसाचा बराच भाग चार भिंतींच्या बाहेर काढतो. पहाटे ओट्यावर, दुपारी पडवीत, रात्री अंगणात किंवा गच्चीवर. स्वयंपाक, धुणेभांडी, निवडणटिपण, मुलांचा खेळ, शेजाऱ्यांशी बोलणे यांतले पुष्कळसे उघड्या आकाशाखाली होते. म्हणून अंगण ही चैन नाही, ती घरातलीच एक खोली आहे, आणि सर्वांत स्वस्त खोली आहे, कारण तिला छप्पर लागत नाही. गरिबाला उंच इमारतीत नेऊन ठेवले की ही खोली त्याच्याकडून काढून घेतली जाते, आणि तिच्या बदल्यात त्याला लिफ्टचा, पंपाचा आणि देखभालीचा खर्च दिला जातो.

हे केवळ मत नव्हते. १९६१-६२ च्या सुमारास अहमदाबादेत त्यांनी अल्प उत्पन्न गटासाठी नळीच्या आकाराचे एक घर बांधले. उतरत्या छपराखालून तापलेली हवा वर चढून माथ्यावरच्या फटीतून बाहेर जावी आणि खालून थंड हवा आत यावी, अशी त्याची रचना होती. विजेवाचून हवा खेळती राहावी हा हेतू. ते घर १९९५ साली पाडले गेले, पण त्यामागचा विचार टिकला आहे.

१९६८ साली त्यांनी मुंबईच्या फोर्ट भागातील दादाभाई नौरोजी रस्त्यासाठी एक सूचना केली. तेथे दिवसा फेरीवाले बसत आणि रात्री बेघर माणसे झोपत. पदपथालगत उंच ओटे बांधावेत, दिवसा त्यांवर फेरीवाल्यांनी बसावे, संध्याकाळी नळाच्या पाण्याने ते धुवावेत आणि रात्री तेथे झोपण्याची सोय व्हावी, असे त्यांनी सुचवले. पादचाऱ्यांची वाट मोकळी राहणार होती. ही योजना अमलात आली नाही. पण नगररचनाकार म्हणवणाऱ्या किती जणांनी फेरीवाल्याला आणि पदपथावर झोपणाऱ्याला आपल्या नकाशात जागा दिली, हे पाहिले म्हणजे तिचे मोल कळते. अतिक्रमण हटाव पथकाची गाडी बोलावण्यापलीकडे ज्यांची बुद्धी जात नाही, त्यांनी ती अवश्य अभ्यासावी.

या विचाराची सर्वांत पूर्ण मांडणी नवी मुंबईत बेलापूर येथे झाली. १९८३ ते १९८६ या काळात सिडकोसाठी त्यांनी तेथे एक वसाहत रचली. लोक तिला आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात. साडेपाच हेक्टरांहून थोड्या कमी जागेत सुमारे साडेपाचशे कुटुंबांची ही वसाहत. सात घरे मिळून आठ मीटर लांबी-रुंदीचे एक सामाईक अंगण, अशी तीन अंगणे मिळून एकवीस घरांचा मोठा चौक आणि अशा चौकांची पुढे मोठी वाडी, अशी ती वाढत जाते. कोणतेही घर दुसऱ्या घराच्या भिंतीवर टेकलेले नाही. यामागचे कारण साधे आहे. भिंत सामाईक नसली की शेजाऱ्याची परवानगी न घेता मालक आपले घर वाढवू शकतो. भूखंडांची मापे सुमारे ४५ ते ७५ चौरस मीटरांच्या दरम्यान होती. म्हणजे गरीब आणि बरी स्थिती असलेला यांच्या घरांच्या बांधकामात फरक असला तरी जमिनीच्या वाट्यात फार अंतर नव्हते. आणि एकही इमारत उंच न बांधता दर हेक्टरी शंभर घरे बसवता येतात, हे तेथे सिद्ध झाले.

आता साथींनो, हे वर्णन ऐकून आपल्यातील जुन्या मंडळींना काय आठवेल? बराकीतील एक खोली मिळाली, तिला पुढे पडवी जोडली, पडवीत दुकान थाटले, वर पोटमाळा काढला, त्यावर शिलाईचे यंत्र बसवले. घर वाढत गेले आणि घराबरोबर रोजगार वाढत गेला. गजानन मार्केटचा कापडाचा व्यापार, या शहरातील फर्निचर, जीन्सची शिलाई, मिठाई आणि पापड हा सारा उद्योग कोणत्याही महामंडळाने आणला नाही. निर्वासित कुटुंबांनी आणि पुढे त्यांच्याकडे कामाला आलेल्या मराठी, उत्तर भारतीय मजुरांनी तो उभा केला. कोरिया ज्याला गरजेप्रमाणे वाढणारे घर म्हणत होते, ते उल्हासनगरच्या लोकांनी कोणाही वास्तुशिल्पकाराच्या आधी करून दाखवले होते. मग बेलापूरची ती वसाहत जगाच्या पाठ्यपुस्तकांत गेली आणि उल्हासनगर बेकायदा बांधकामांसाठी बदनाम झाले, असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर घराच्या रचनेत सापडत नाही. ते जमिनीच्या व्यवहारात शोधावे लागते. आणि येथे आपण कोरियांच्या सर्वांत मोठ्या कामाकडे येतो.

खाडीपलीकडचे शहर

१९६४ साली बृहन्मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. मुंबई हे दक्षिणोत्तर लांबट बेट. कचेऱ्या दक्षिण टोकाला आणि कामकऱ्यांची घरे उत्तरेला दूर दूर सरकत चाललेली. सकाळी साऱ्या गाड्या एका दिशेने भरून जायच्या आणि संध्याकाळी उलट दिशेने. ठाणे, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. पन्नास किलोमीटरांहून अधिक प्रवास लोंबकळत करून तो ते रोज अनुभवतो.

चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि स्थापत्य अभियंता शिरीष पटेल या तिघांनी या आराखड्याला पर्याय मांडला. १९६५ साली मुल्कराज आनंद यांच्या संपादकत्वाखालील ‘मार्ग’ या नियतकालिकाने त्याला जागा दिली. हे शहर उत्तरेकडे ओढत नेण्याऐवजी बंदर ओलांडून पूर्वेला न्यावे, म्हणजे लांबट शहराच्या जागी खाडीभोवतीचे शहर तयार होईल, हा त्यांचा मुद्दा. पण त्याहून महत्त्वाचे मुद्दे दोन होते. पहिला, रोजगार हलला तरच माणसे हलतील. म्हणून राज्य सरकारने स्वतःची राजधानी, आपल्या कचेऱ्या खाडीपलीकडे न्याव्यात. दुसरा, जमिनीच्या किमती वाढण्यापूर्वीच सर्व जमीन सार्वजनिक मालकीची करावी. शहर उभे राहिले की जमिनीची किंमत वाढते. ती वाढ कोणा एका मालकाच्या श्रमाने होत नाही, साऱ्या समाजाच्या श्रमाने होते. म्हणून ती समाजाच्या पदरात पडावी आणि तिच्यातून रस्ते, पाणी, शाळा आणि गरिबांची घरे उभी राहावीत. हा विचार शुद्ध समाजवादी आहे. तो आपल्या एखाद्या परिषदेच्या ठरावात शोभला असता.

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि १९७० च्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात कोरिया नव्या शहराचे प्रमुख वास्तुशिल्पकार होते. ३४४ चौरस किलोमीटरांचा प्रदेश या शहरासाठी अधिसूचित झाला. पुढे काय झाले? मंत्रालय हलले नाही. उलट त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून कचेऱ्यांचे मनोरे चढवले जात होते. म्हणजे सरकार एका हाताने रोजगार खाडीपलीकडे नेण्याची घोषणा करीत होते आणि दुसऱ्या हाताने तोच रोजगार दक्षिण टोकाला घट्ट रोवत होते. समुद्रातून निघालेल्या त्या भूखंडांत ज्यांचे हितसंबंध होते, त्यांच्यापुढे आराखडा दुबळा ठरला. ठाणे खाडीवरील पूल १९७३ साली झाला, पण वाशीपर्यंत लोकल गाडी पोहोचायला १९९२ साल उजाडले. घाऊक बाजारपेठा तेवढ्या सावकाश हलवल्या गेल्या. जमिनीतून येणारा पैसा हेच शहराचे भांडवल असल्यामुळे हळूहळू सिडकोलाच चढ्या भावाने भूखंड विकण्याची गोडी लागली. सट्टा रोखण्यासाठी निघालेली संस्था लिलाव पुकारू लागली.

आणि या कहाणीची दुसरी बाजू आपण सांगितली नाही, तर आपण श्रमिकांच्या बाजूचे नव्हे. ज्या जमिनीवर शहर आखले गेले, ती रिकामी नव्हती. ९५ गावांतील आगरी, कोळी आणि इतर कष्टकऱ्यांची ती भातशेती होती, मिठागरे होती, मासेमारीची खाडी होती. सरकारने जमीन घेताना जो भाव देऊ केला, त्याने त्यांचा संसार उभा राहणार नव्हता. शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी लढा दिला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासई परिसरात पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण हुतात्मा झाले. विकसित जमिनीतील साडेबारा टक्के वाटा प्रकल्पग्रस्तांना देण्याची योजना १९९० साली आली, ती त्यांच्या रक्ताची किंमत आहे. जमिनीची वाढणारी किंमत समाजाच्या पदरात पडावी, हे तत्त्व बरोबरच होते. पण समाज म्हणताना जमीन कसणारा माणूसच त्यातून वगळला गेला. नकाशा काढणाऱ्यांनी वाहतूक मोजली, लोकसंख्या मोजली, आणि शेतकऱ्याला मात्र नुकसानभरपाईच्या रकान्यात टाकले. हा दोष सरकारचा जितका आहे, तितकाच त्या आधुनिक नगररचनेचाही आहे, आणि कोरियांचे मोठेपण मानूनही तो नोंदवला पाहिजे.

गिरण्यांची जमीन

कोरियांच्या आयुष्यातील दुसरा मोठा पराभव मुंबईच्या गिरणगावात झाला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. संप मोडला, गिरण्या मोडल्या, आणि मालकांच्या लक्षात आले की मागाखालची जमीन मागापेक्षा अधिक मोलाची आहे. सुमारे सहाशे एकर जमीन, तीही शहराच्या मध्यभागी. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने एक सूत्र ठरवले होते. ढोबळ मानाने एक तृतीयांश जमीन शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक गृहनिर्माणासाठी आणि उरलेली मालकाला.

१९९६ साली राज्य सरकारने कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली या जमिनींच्या अभ्यासासाठी समिती नेमली. खाजगी गिरण्यांच्या मालकांनी तिला सहकार्य केले नाही, म्हणून राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या २५ गिरण्यांपुरता तिचा अभ्यास झाला. एकेका गिरणीची जमीन सुटी न विकता साऱ्या जमिनींचा एकत्र विचार करावा, त्यांतून सलग मैदाने, रस्ते आणि कामगारांची घरे निघतील, असे तिचे म्हणणे होते. अहवाल बासनात गेला. २००१ साली नियमात बदल करण्यात आला आणि वाटणी संपूर्ण जमिनीऐवजी केवळ बांधकाम नसलेल्या उरल्यासुरल्या जागेची करायची असे ठरले. एका शब्दाच्या फेरफाराने शहराचा आणि कामगाराचा वाटा आक्रसून गेला. प्रकरण न्यायालयात गेले, उच्च न्यायालयाने २००५ साली शहराच्या बाजूने निकाल दिला, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. आज तेथे मॉल आणि मनोरे आहेत. गिरणी कामगार मात्र घराच्या सोडतीची वाट पाहत म्हातारा झाला आणि पुष्कळ जण वाट पाहतच गेले.

त्याआधी, १९८५ साली नेमलेल्या राष्ट्रीय नागरीकरण आयोगाचे अध्यक्षपदही कोरियांकडे होते. १९८८ साली आलेल्या त्या अहवालाने मोठ्या महानगरांपलीकडे पाहून देशातील ३२९ शहरे निवडली आणि तेथे गुंतवणूक वळवावी, असे सुचवले. त्या सूचनांचेही फारसे काही झाले नाही. येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. कोरियांची वास्तू कोणी अडवली नाही. संग्रहालय हवे होते, विधान भवन हवे होते, कंबाला हिलवर धनिकांच्या ३२ सदनिकांचा कांचनजंगा मनोराही हवा होता, आणि तो १९८३ साली दिमाखात उभा राहिला. अडवले गेले ते जमिनीला हात घालणारे त्यांचे विचार. वास्तुशिल्पकार म्हणून गौरव आणि नगररचनाकार म्हणून उपेक्षा, हा त्यांच्या वाट्याला आलेला व्यवहार आपल्या समाजव्यवस्थेचे स्वरूप नेमके सांगतो.

हे असे का झाले? कोरियांची भिस्त शहाण्या सरकारवर होती. उत्तम आराखडा आणि निर्दोष युक्तिवाद मांडला की सरकार ऐकेल, असा त्यांच्या पिढीचा विश्वास होता. पण सरकारच्या कानाशी जमिनीचे व्यापारी आधीच बसलेले होते. आराखड्यामागे संघटित लोक उभे नसले तर तो कपाटात जातो. याउलट उदाहरणही आपल्याजवळ आहे. मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेच्या रूपाने कमाल जमीन धारणा कायद्याखालची जमीन लढून मिळवली आणि गोरेगाव-दिंडोशी येथे सामान्य माणसांची हजारो घरे उभी केली. तो कायदा १९७६ चा, आणि महाराष्ट्राने २००७ साली तो रद्द केला. हत्यार हाती होते तेव्हा ते चालवणारे थोडे निघाले, आणि ते काढून घेतले गेले तेव्हा पुरेसा विरोधही झाला नाही.

उल्हासनगरचा प्रश्न

आता पुन्हा आपल्या शहराकडे. सुमारे १३ चौरस किलोमीटरांत २०११ च्या जनगणनेप्रमाणे पाच लाखांहून अधिक माणसे राहत होती. लोकांनी आपल्या हाताने वाढवलेली घरे बेकायदा ठरत राहिली, कारण जागेच्या कागदांचा घोळ कधी पुरता मिटला नाही. कागद नाही म्हणून बँकेचे कर्ज नाही, रीतसर परवानगी नाही. ही पोकळी बिल्डराने भरून काढली. बराकीच्या जागी पाच मजले चढवायचे, खालचे दुकान मूळ रहिवाशाला द्यायचे, वरचे मजले विकून मोकळे व्हायचे. परवानगी कशी मिळाली, लोखंड किती घातले, रेती कोणती वापरली, हे विचारणारे कोणी नव्हते. ८५५ बेकायदा इमारतींचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, पाडकामाचे आदेश झाले, आणि २००६ साली विधिमंडळाला खास उल्हासनगरसाठी बांधकामे नियमाधीन करणारा कायदा करावा लागला. पण कायद्याने कागद नियमित होतो, काँक्रीट होत नाही. २८ मे २०२१ रोजी रात्री याच कॅम्प २ मध्ये नेहरू चौकातील पाचमजली इमारतीचे स्लॅब कोसळले आणि सात जण ठार झाले. त्यांचा अपराध एवढाच होता की त्यांनी परवडणारे घर घेतले.

अशा घटनेनंतर पुनर्बांधणीची मागणी होणारच, आणि ती रास्त आहे. धोकादायक इमारतीत कोणाला राहू देणे हा गुन्हाच आहे. प्रश्न एवढाच की ही पुनर्बांधणी कोणाच्या हिशेबाने व्हावी. मनोऱ्याचे चित्र दाखवून सह्या गोळा केल्या जातात तेव्हा आपण कोरियांनी शिकवलेले प्रश्न विचारले पाहिजेत. या घरात राहणारा माणूस कमावणार कोठे? ज्याचे शिलाईचे यंत्र, पापडाची चूल, सुताराचा रंधा आज घरालगत आहे, त्याला बाराव्या मजल्यावर त्याची जागा मिळणार आहे काय? देखभालीचा दरमहाचा खर्च किती? भाडेकरूचे काय? की तो दोन वर्षांत सामान बांधून अंबरनाथ-बदलापूरच्याही पलीकडे जाणार आणि पहाटेची गाडी पकडणार? मोकळ्या जागेतली सार्वजनिक किती आणि मोटारी उभ्या करण्यासाठी किती?

यासाठी चार कामे मी सुचवतो. ती मोठी नाहीत, पण नेटाने करावी लागतील.

एक, प्रत्येक कॅम्पमधील सरकारी, आरक्षित आणि मोकळ्या भूखंडांची यादी आपण स्वतः करावी. माहितीच्या अधिकाराचा उपयोग करावा आणि ती यादी चौकात फलकावर लावावी. जमीन डोळ्यांसमोर राहिली की ती गुपचूप नाहीशी करणे कठीण जाते.

दोन, जागेचा हक्क राहणाऱ्याच्या नावे, आणि घरातील स्त्रीचे नाव त्यात असलेच पाहिजे, ही मागणी लावून धरावी. भाडेकरूंची नोंद पुनर्बांधणीपूर्वी व्हावी, नंतर नव्हे.

तीन, तळमजल्यावर लघुउद्योगांची जागा आणि प्रत्येक इमारतसमूहाला सामाईक अंगण, या अटी आराखड्यातच घालायला लावाव्यात. जेथे शक्य आहे तेथे दुमजली-तिमजली दाट वस्तीचा पर्याय मांडावा. तो शक्य आहे, हे बेलापूरने दाखवून दिले आहे.

चार, १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याने नागरिकांना विकास आराखड्यावर ठरावीक मुदतीत हरकती व सूचना देण्याचा हक्क दिला आहे. त्या मुदतीत बहुधा बिल्डरांचे वकील जागे असतात आणि आपण झोपलेले असतो. मराठी, सिंधी आणि हिंदी या तिन्ही भाषांत आराखडा समजावून सांगणाऱ्या सभा गल्लीगल्लीत घेतल्या पाहिजेत. नकाशा वाचता येणारे दहा कार्यकर्ते प्रत्येक कॅम्पमध्ये तयार झाले, तर या अभ्यासवर्गाचे सार्थक झाले असे मी म्हणेन.

बेलापूरच्या त्या वसाहतीत आज अनेक मूळ घरे पाडून तेथे दोन-तीन मजल्यांची नवी घरे उभी राहिली आहेत. वास्तुशिल्पाचे चाहते त्याबद्दल हळहळतात. मला त्यात तितके दुःख वाटत नाही, कारण घर वाढावे हीच तर मूळ योजना होती, आणि सामाईक अंगणे अद्याप आहेत. दुःख वाटावे असे दुसरे आहे. त्या घरांच्या किमती इतक्या वाढल्या की ज्या उत्पन्न गटासाठी ती बांधली, त्या गटातील माणूस आज तेथे घर घेऊ शकत नाही. उत्तम रचना आणि बाजाराच्या स्वाधीन केलेली जमीन एकत्र आली की असेच होते. कोरियांनी रचनेचे काम केले. जमिनीचे काम राजकारणाचे, म्हणजे आपले आहे. येत्या महिन्यात भूखंडांच्या यादीचे काम कॅम्प २ पासून सुरू करावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.